गिलटभाऊंचं चांदीचं पाणी

गिलटभाऊंना पहिल्यांदा भेटणारा माणूस त्यांच्याकडे दोनदा पाहायचा. पहिल्यांदा वाटायचं, इथे उजेड कमी आहे. दुसऱ्यांदा कळायचं की उजेडाचा काही दोष नाही, माणसाचा रंगच तसा आहे. कपाळ, गाल, कान, मान, सगळं धुतलेल्या पाटीच्या रंगाचं. करडं म्हणावं तर त्यात निळं होतं, आणि निळं म्हणावं तर माणूस निळा असतो कुठे? महाडच्या एसटी स्टँडवर मुलं त्यांच्याकडे बोट दाखवायची आणि आया मुलांचे हात खाली ओढायच्या. भाऊ मात्र त्या मुलांना जवळ बोलवायचे आणि म्हणायचे, "बघ रे, बघ. बघायला पैसे पडत नाय. पन मोबाइलात बघून कायबी पिऊ नको, नायतर असा होशील." त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. मी महाडच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आणि भाऊंचा तो रंग जमायला माझाही थोडा हातभार लागला. हे आधीच कबूल केलेलं बरं.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. गावात ते गिलटभाऊ होते, कारण त्यांनी तीस वर्षं मुंबईत गिलटाच्या कारखान्यात काम केलं होतं. पितळेच्या निरांजनावर, तांब्याच्या ताम्हनावर, शाळांच्या ढालींवर चांदीचा मुलामा चढवायचा. आम्लाच्या वाफांनी खोकला लागला, तो काही केल्या जाईना, तेव्हा नोकरी सोडून ते कुडपणच्या बाजूला, डोंगरावरच्या आपल्या वाडीत परत आले. दोन म्हशी, थोडी नाचणी, थोडी वरी. बायको आधीच गेलेली, मुलगा मुंबईला. शेजारच्या घरात थोरली विधवा बहीण. तिला सगळी वाडी मोठीबाय म्हणायची. आई लवकर गेल्यामुळे तिनेच भाऊंना लहानाचं मोठं केलेलं.

वाडीत त्यांना एक मान होता. शिमग्याला देवीची पालखी निघते, तेव्हा पालखीत देवीचा चांदीचा मुखवटा लावतात. त्याला तिकडे रुपं म्हणतात. वर्षभर पेटीत राहून ते रुपं काळं पडलेलं असतं. ते उजळण्याचा मान भाऊंच्या घराण्याकडे, आणि चांदीची जाण म्हणून तर तो भाऊंना शोभूनच दिसायचा. मुंबईत असतानाही ते त्या दिवसासाठी रजा टाकून यायचे. मालकानं एकदा रजा नाकारली तेव्हा म्हणाले होते, "शेट, तुमच्या ढाली थांबतील. देवीचं तोंड काळं ठिवून मला हितं जेवन जायाचं नाय." मालकाने रजा दिली आणि वर नारळही दिला.

माझी त्यांची पहिली भेट शाळेच्या प्रयोगशाळेत झाली. हातात पाच लिटरचा कॅन, पायात चिखलाच्या चपला, दाराबाहेर उभे. म्हणाले, "बाई, तुमच्याकडं उडवलेलं पानी हाय काय?" मला आधी कळेना. मग त्यांनी हातानेच वाफ वर गेली, पुढे गेली आणि थेंब थेंब खाली पडली असं करून दाखवलं. ऊर्ध्वपातनाची इतकी चांगली आकृती माझ्या एकाही विद्यार्थ्याने कधी काढली नव्हती. मी म्हटलं, गॅरेजमध्ये मिळतं की बॅटरीत घालायचं पाणी. तर म्हणाले, "ते बॅटरीला चालतं, मानसाला नाय." आता कोणत्या माणसाला आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय मला राहवतंय थोडंच! माझा स्वभावच चोंबडा.

तर भाऊ घरी चांदीचं पाणी करत होते. पुतण्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता. शुद्ध पाण्यात चांदीच्या दोन तारा सोडायच्या, बॅटरीचा प्रवाह द्यायचा, चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात उतरतात, ते पाणी प्यायलं की शंभर रोग पळतात. शंभर रोग पळवणाऱ्या औषधाबद्दल शंका घ्यावी एवढी अक्कल मला होती. पण त्या क्षणी माझं लक्ष रोगांकडे नव्हतंच, तारांकडे होतं. ऋण कोणती, धन कोणती, किती वेळ, पाण्याला रंग येतो का? भाऊ प्रत्येक प्रश्नाला खुलत गेले. तीस वर्षं त्यांनी हाच खेळ केला होता, फक्त तिथे चांदी भांड्यावर चढायची आणि इथे पाण्यात तरंगत राहायची. मी कॅन भरून दिला. पुढे दर महिन्याला भरून देत राहिले.

भाऊंचा कोणावरही आंधळा विश्वास नव्हता, व्हिडिओवरही नव्हता. "बोलनाऱ्याचं काय जातंय?" म्हणायचे. पाणी तयार झालं की स्वतः आठ दिवस प्यायचे, काही त्रास नाही असं पाहायचे, मगच दुसऱ्याला द्यायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "आधी माझ्या पोटात, मंग दुसऱ्याच्या ओठात." पहिल्यांदा त्यांनी बायकोचे जुने तोडे घेऊन पाहिले होते. पाणी हिरवट झालं. त्यांनी लगेच ओळखलं की दागिन्यात तांब्याची भेसळ आहे, आणि ते पाणी वापरलं नाही. मग महाडच्या सराफाकडून शुद्ध चांदीची तार ओढून आणली. इतकी काळजी घेणारा माणूस चुकेल असं कोणाला वाटेल? मला तरी नाही वाटलं.

आणि पिऊन फरक पडत होता, हे त्यांचं सर्वांत मोठं प्रमाण होतं. मुंबईचा तो हट्टी खोकला गेला होता. वाडीवर आल्यापासून सहा महिन्यांत गेला, आणि पाणीही त्याच सहा महिन्यांत सुरू झालेलं. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आल्या की एकीमुळे दुसरी झाली असं मानण्यात आपण सगळेच पटाईत असतो.

एका रविवारी मी पोलादपूरहून गाडी पकडून त्यांच्या वाडीवर गेले. निमित्त मध घ्यायचं, खरं कारण ते यंत्र बघायचं. पडवीत खिडकीपाशी काचेचा उंच पेला, वर लाकडी पट्टी, पट्टीला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे आणि चिमट्यांत दोन तारा. बाजूला तीन चौकोनी बॅटऱ्या रबराने बांधलेल्या. पाणी दिसायला साधं, अगदी किंचित पिवळट झाक. मी पर्समधून लेसरचा छोटा टॉर्च काढला, तो मुलांना दाखवायला माझ्याकडे असायचाच, आणि प्रकाश पेल्यातून सोडला. पाण्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल दोरी ताणावी तशी रेघ उमटली. साध्या पाण्यातून सोडला तर काहीच दिसेना. मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. "भाऊ, कण आहेत हो! चांदी आहे यात!" मी ओरडले.

माझ्या मागे पडवीच्या कठड्याला धरून वाडीतल्या सात-आठ बायका उभ्या होत्या. मोठीबाय पुढे. तिने विचारलं, "हाय ना गो बाई, चांदी?" मी म्हटलं, "आहे तर!" पुढचं वाक्य, म्हणजे चांदी असणं वेगळं आणि ते औषध असणं वेगळं, हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. मला पुन्हा एकदा ती रेघ बघायची होती. वर्गात एखादा मुलगा अर्धं उत्तर लिहून पेपर द्यायचा तर मी पूर्ण मार्क कापायची. माझे कोणी कापायचे?

वाडीने माझ्या टाळ्यांचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. शाळेच्या बाई येऊन बघून गेल्या, म्हणजे शिक्का बसला. त्यात वाडीने आपली भर घातली. देवीचं रुपं उजळणारा हात तोच, चांदी तीच, मग हे पाणी देवीचंच नाही का? बायका नारळ ठेवून बाटली न्यायला लागल्या. भाऊ परोपरीने सांगायचे, "अगो, देवीचं रुपं पेटीत हाय, कुलुपात. ही महाडच्या बाजारातली तार हाय!" बायका मान डोलवायच्या आणि बाहेर जाऊन म्हणायच्या, बघ किती लपवतो, गर्व नाय मेल्याला. भाऊ पाण्याचं काही घेत नसत, आणि घेत नाहीत म्हणूनच ते देवाचं, असाही एक पुरावा गावाला मिळाला.

गिलटाच्या कारखान्यात चांदी सांडत नाहीत. भांडी धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवतात, फरशी झाडलेली धूळही ठेवतात, कारण त्यात चांदी असते. ही शिस्त भाऊंच्या हाडात मुरली होती. पुढे मी निवृत्त झाले आणि मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेले, ती जवळजवळ दोन वर्षं तिकडेच राहिले. भाऊंना उडवलेलं पाणी मिळेना. ते झऱ्याचं पाणी उकळून गाळून वापरू लागले. झऱ्याच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे बऱ्याचदा पेला दुधाळ व्हायचा, तळाशी करडा गाळ बसायचा. असं पाणी दुसऱ्याला द्यायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि चांदी सांडायची नाही, हेही पक्कं ठाऊक होतं. मग काय करायचं? वरचं निवळ गावाला, खालचं गढूळ आपल्याला. पेलेच्या पेले, रोज, दोन वर्षं.

चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत माझं घर आहे. नाशिकहून परत येऊन मी कुलूप काढलं त्याला आठवडा झाला नसेल, शिमगा चार दिवसांवर आला होता, तेव्हा भाऊ दारात उभे राहिले. मी दोनदा पाहिलं. तेच म्हणाले, "घाबरू नका, बाई, मीच हाय. एक दाखवायचं व्हतं." खुर्चीवर बसून त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. घड्याळाखाली आणि पट्ट्याखाली कातडी जुन्या भाऊंची होती, गव्हाळ. मग शर्टाची दोन बटणं काढली. गळ्याच्या त्रिकोणाखाली छाती तशीच, जुनी. "जितं ऊन लागतं तितंच हाय. चांदीपन उजेडात काळी पडते ना, बाई? म्हनून म्हनतो, ही माझ्या अंगात उतरलेली चांदीच तर नाय?"

जे सांगायला डॉक्टर लागला असता ते या माणसाने घड्याळ काढून शोधलं होतं. मी त्यांना सांगितलं की पूर्वी फोटो असेच निघायचे, कागदावर चांदीचे क्षार लावायचे, उजेड पडेल तिथे ते काळे व्हायचे. त्यांनी आपला हात उलटा-सुलटा करून बघितला. मग म्हणाले, "म्हंजी माझाच फोटो निघतोय म्हना की!" आणि हसले. त्या हसण्यात त्यांच्या हिरड्या दिसल्या, त्याही राखाडी झालेल्या.

त्याच दुपारी आम्ही ओळखीच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नखं पाहिली, हिरड्या पाहिल्या आणि सरळ सांगितलं. चांदी कातडीत बसली आहे, हा रंग जाणार नाही, आहे तेवढ्यावर थांबवायचं तर पाणी आजपासून बंद. भाजल्यावर वरून लावायला चांदीचं मलम असतं, ते वेगळं. प्यायलेल्या चांदीने कोणताच रोग जात नाही. भाऊ म्हणाले, "मंग माझा खोकला कसा गेला?" डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मुंबईतला कारखाना कधी सोडलात?" भाऊंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बोटांवर महिने मोजले. मोठ्याने "हात्तिच्या!" म्हणाले. चूक सापडल्यावर माणूस एवढा मोकळा होऊ शकतो, हे मी तेव्हा पाहिलं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र ते एकदम थांबले. मग म्हणाले, "बाई, मोठीबायचं काय?" तेव्हा मला कळलं की मोठीबायला चार वर्षांपासून शुगर आहे, सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्या तिने गेल्या दिवाळीपासून सोडून दिल्या आहेत. भावाचा चेहरा बदलायला लागला तेव्हा अख्खी वाडी म्हणाली, देवीने आपलं रूप भाऊला दिलं. वर्षानुवर्षं देवीचं तोंड पुसणाऱ्याच्या तोंडावर देवी उतरली, यात त्यांना नवल वाटलं नाही, उलट फार रास्त वाटलं. मग मोठीबायने गोळ्यांचा डबा शिंकाळ्यात टाकला आणि भावाचं पाणी सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. पायाला काटा लागून झालेली जखम ती त्याच पाण्याने धूत होती. "दोन बोटं काळी पडल्यात, आन वास येतो," भाऊ म्हणाले. "मी म्हनलं, वरून लावायला तरी चालंल. आता तेपन नको म्हना."

त्या संध्याकाळी वाडीवर जाऊन त्यांनी बहिणीला सगळं सांगितलं. तिने भावाच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, देवीनं दिल्यालं नाकारू नको, कोपंल. दवाखान्याचं नाव काढल्यावर म्हणाली, पालखी आपल्या दारात येऊन गेली की बघू. त्यांच्या दारात पालखी सगळ्यात शेवटी यायची, दहा-बारा दिवसांनी. सकाळी मला भाऊंचा फोन आला. "बाई, तिचा पाय दहा दिस थांबायचा नाय. परवा सहाणेवर रुपं उजळायचं हाय, समदा गाव आन मुंबैकर असनार. त्या टायमाला तुमी बघायला आल्या व्हत्या. आता सांगायला या."

सहाण म्हणजे पालखी बसते तो देवळापुढचा चौथरा. मी पोचले तेव्हा मानकरी चौथऱ्यावर मांडी घालून बसले होते, मुंबईहून आलेले लोक शर्टाच्या बाह्या सावरत उभे, बायका एका बाजूला आणि त्यांच्यात मोठीबाय, पायाला फडकं गुंडाळून. मध्ये भाऊ, पुढ्यात भिजवलेली चिंच, चाळलेली राख आणि मांडीवर देवीचं रुपं. भाऊंनी मला खूण केली. मी उभी राहिले आणि वर्गात बोलते तसं स्वच्छ बोलले. पाण्यात औषध नाही, भाऊंचा रंग हा आजार आहे, मोठीबायला आजच्या आज दवाखान्यात न्यायला हवं.

मानकऱ्यांमधले सर्वांत वडील आजोबा शांतपणे म्हणाले, "बाई, तवा तुमीच लाइट मारून बघितली. चांदी हाय म्हनून टाळ्या वाजवल्या."

"चांदी आहे हो आजोबा, पण ती औषध नाही."

"म्हंजी हाय ना?" ते म्हणाले, आणि चार जण हसले. माझं शिक्षण तिथे संपलं. माझ्या टाळ्या त्यांना दोन वर्षं पुरल्या होत्या, माझं 'नाही' त्यांना दोन मिनिटंही पुरलं नाही.

भाऊ या सगळ्या वेळात मान खाली घालून रुपं घासत होते. चिंचेने घासायचं, राखेने पुसायचं, पुन्हा घासायचं. देवीची भुवई निघाली, नाक निघालं, नथीची जागा निघाली. शेवटी त्यांनी ते धुऊन कोरडं केलं आणि सगळ्यांना दिसेल असं समोर धरलं. लख्ख झालं होतं. मग मांडीवर ठेवून त्यांनी उरलेली चिंच उचलली, राखेत बुडवली आणि स्वतःच्या गालावर घासायला सुरुवात केली. आधी कोणाला कळेचना. मुंबईवाला कोणीतरी हसला. भाऊ घासतच राहिले, खरखर आवाज येईपर्यंत, गालावर रक्ताचे बारीक ठिपके येईपर्यंत. मग खांद्यावरच्या कांबळ्याच्या टोकाने तोंड पुसून वर केलं. सोललेल्या कातडीखालीही रंग तोच.

"बघा," ते म्हणाले. "ह्ये रुपं काळं व्हतं, उजाळलं. माझं उजाळलं काय? देवीनं दिलं असतं तर देवीसारकं उजाळलं असतं. ह्यो डाग हाय. आतून लागलेला, माझ्याच हातानं." मग ते बायकांच्या बाजूला वळले. "बाय, माझं तोंड गेलं ते गेलं. तुझा पाय नको घालवू गो. मी पाया पडतो तुझ्या."

मोठीबायने एकदा देवीच्या रुप्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग तिने मुंबईकरांकडे बघून विचारलं, "गाडी हाय काय रे कुनाची?"

गाडी सुरू होईपर्यंत आजोबा भाऊंजवळ आले होते. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "भाऊ, डाग म्हनालास, समद्या गावानं ऐकलं. डाग लागल्याल्या हातानं देवीचं रुपं हाताळायचं नाय, ह्ये तुला मी सांगाया नको." भाऊंनी रुपं दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि त्यांच्या ओंजळीत दिलं. गाडीत, घाटाच्या वळणांवर, मोठीबाय आमच्या मध्ये डोळे मिटून बसली होती. मी हळूच विचारलं, "भाऊ, हे असं होणार हे माहीत होतं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "व्हय. म्हनून आधी उजळून घेतलं."

मोठीबायची दोन बोटं गेली, पाय राहिला. आठवडाभर उशीर झाला असता तर गुडघ्यापासून काढावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. ती घरी आल्यावर भाऊंनी वाड्या-वाड्या हिंडून आपल्या बाटल्या परत गोळा केल्या. बरेच जण देईनात. त्यांच्या दारात ते बसून राहायचे, चहा घ्यायचे, गप्पा मारायचे आणि बाटली घेऊनच उठायचे. त्रेपन्न बाटल्या दोन पोत्यांत भरून माझ्याकडे आले. "सांडवत नाय, बाई. हात उचलत नाय. तुमी काय ते करा." मी सगळं पाणी पिंपात ओतलं, मिठाचं पाणी घातलं, पांढरं धुकं झालं आणि रात्रभरात खाली बसलं. सकाळी तळाशी नखावर मावेल एवढा गाळ होता. भाऊंनी तो कागदावर घेऊन उजेडात धरला, मागून पुढून बघितला आणि म्हणाले, "येवढ्यासाठी केवढं ते!" तरीही हा गाळ उजेडात काळा पडायला किती वेळ लागतो, हे बघायला आम्ही दोघं दुपारपर्यंत बसलो. खोटं कशाला सांगू, फार मजा आली.

त्या माणसाचं मला हेच अजून सुटत नाही. मी पुस्तकं वाचून हुशार झाले आणि टाळ्या वाजवून मोकळी झाले. ते सातवी शिकले होते, स्वतःवर प्रयोग करत होते, आणि प्रयोग फसला तेव्हा त्याचा निकाल त्यांनी चारचौघांत वाचून दाखवला. इतक्या सरळपणे चूक मान्य करणारा माणूस मी शाळेच्या स्टाफरूममध्येही पाहिला नाही. मी स्वतःला त्यातून वगळत नाही.

पुढच्या शिमग्याला मी मुद्दाम वाडीवर गेले. रुपं दुसऱ्या घराण्यातल्या एका तरुणाने बाजारातल्या पातळ औषधाने उजळलं होतं. भाऊ गर्दीत मागे उभे होते. मी विचारलं, "कसं झालंय?" म्हणाले, "बरं हाय. कानामागं काळं ऱ्हायलंय, पन देवी कान दाखवत नाय कुनाला." पालखी घरोघर फिरत होती. बाराव्या दिवशी ती त्यांच्या दारात यायची होती, तेव्हा मी पुन्हा गेले. भाऊंना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. पुढे भातलावणीच्या दिवसांत दुपारचे जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

त्या बाराव्या दिवशी ढोल-सनईचा खालूबाजा वाजत वाजत पालखी अंगणात आली. चौघांच्या खांद्यावर देवी, पुढे आजोबा. भाऊ उंबऱ्याच्या बाजूला हात जोडून उभे. शेजारच्या घरातून मोठीबाय आली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात ओवाळणीचं ताट, पाऊल जपून टाकत. सगळे तिला वाट द्यायला सरकले. ती पालखीपर्यंत आली, आणि तिथून वळली. भावासमोर उभी राहिली. काठी भिंतीला टेकवली, त्यांच्या त्या करड्या कपाळावर कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि निरांजन फिरवायला सुरुवात केली.

"गो बाय, आधी देवी!" आजोबा ओरडले.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "देवी चौघांच्या खांद्यावर हाय," ती म्हणाली. "मी माझ्या पायांवर उभी हाय, ती ह्याच्यामुळं. थांबंल ती."

वाजंत्री थांबली. भाऊंनी मान खाली घातली होती, आणि पालखी खांद्यावर घेतलेले ते चौघे, तिचं ओवाळून होईपर्यंत, जागच्या जागी उभे राहिले.